खिळे

फिलोमेनाने फळ्यावर लिहिलं:
क्लेम विभाग, सहा जण, रोज साठ हजार पावलं.
ऑटिझमच्या स्वीकारासाठी, असं पत्रकात होतं.
मी सही केली. घरचं काही बोललो नाही.

वेळीप जेवणाच्या सुट्टीत नुसता फोन हलवत बसायचा,
म्हणे, पावलं ती पावलं.
माझी पडायची रात्री अडीचला,
हॉलमध्ये, निशांकच्या मागे मागे,
दारापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून दारापर्यंत.
फोन चार्जिंगला.
ती कुठेच धरली गेली नाहीत.

शेवटच्या रविवारी त्याला सोबत नेलं.
पाटोच्या खाडीकाठी, खारफुटीतल्या लाकडी वाटेवर
त्याने कठड्याचा पहिला खिळा बोटाने तपासला.
मग दुसरा. मग
लेखा विभाग आम्हाला ओलांडून गेला, सारख्या टोप्या घालून.
"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं.
अकरा वर्षं हेच वाक्य म्हणतोय.

फिलोमेना गेली नाही.
"कितवा?" तिने विचारलं,
मला नाही, त्याला.
चिखलात एक कुर्ली बिळातून अर्धी बाहेर आली,
विचार बदलून परत गेली.
"एकेचाळीस," निशांक म्हणाला, खिळ्याला.

वेळीपने फोन खिशात टाकला
आणि बेचाळिसाव्यापाशी जाऊन उभा राहिला,
रेशनच्या रांगेत राहावं तसा.

सोमवारी फळ्यावर आमचा नंबर शेवटचा.
त्याखाली वेळीपच्या तिरक्या अक्षरात:
खिळे, दोनशे तीन.

एक कमी लिहिलाय.
निशांकला सांगितलेलं नाही,
नाहीतर पुन्हा जावं लागेल,
पहिल्यापासून.