सैल

डेब्रेत्सेनमध्ये सकाळी सातला
एतेल्का काचेच्या नळकांड्यातलं पाणी कोमट करते,
बरोबर सदतीस अंश,
प्राणवायूचे बुडबुडे सोडते
आणि सशाच्या शिश्नातली स्नायूची पट्टी,
तांदळाच्या दाण्याहून जरा लांब,
दोन्ही टोकांना रेशमी दोरा बांधून आत टांगते.
मालकाचं न ऐकणाऱ्या जातीचा स्नायू.

आधी आवळायचं औषध.
दोरा ताणतो, पडद्यावरची रेघ चढते
आणि वरच बसून राहते.
आत कॅल्शियम शिरलेलं.
ते ओसरलं तरी एक विकर पकड सोडत नाही,
कुलूप लावून किल्ली गिळावी तसं.

मग दुसरा थेंब.
अस्तराच्या पेशीतून एक वायू निघतो,
आयुष्य काही सेकंदांचं.
दारावर थाप न मारता भिंतीतून पलीकडे जातो
आणि शेजारणीला म्हणतो, सोड.

एवढंच.
पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला हसू आलं होतं:
पुरुष ज्याला जोर म्हणतात
ते मुळात सैल होणं आहे.
स्नायू ढिला पडला की रक्ताला वाट मिळते.
झाकली मूठ सव्वा लाखाची असेलही,
इथे झाकलेलीच राहिली तर हाती दमडी नाही.

आजचा ससा मधुमेही.
थेंब टाकला, रेघ ढिम्म.
दुप्पट टाकला, जराशी थरथरली.

घरी बार्नाबाश.
एकतीस वर्षं ट्राम चालवली.
इन्सुलिनची पेनं फ्रिजात, लोण्याशेजारी.
दोन वर्षं झाली, तिच्याआधी दिवा मालवतो.
ह्या साखळीतली एकूण एक कडी तिला पाठ आहे,
स्वयंपाकघरात मात्र तोंडातून शब्द फुटत नाही.

दुपारी तिने त्या विकरालाच आवर घातला,
आणि जेवायला न जाता रेघेसमोर बसून राहिली.

संध्याकाळी तो अक्रोड फोडत होता.
"आज काय?"
"एक पट्टी सैल झाली. चाळीस मिनिटं लागली."
अडकित्ता थांबला.
"कुणाची?"
"सशाची."
त्याने टरफलं एका बाजूला लोटली,
अर्धा अक्रोड तिच्याकडे सरकवला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"चाळीस मिनिटं काही फार नाहीत.
बर्फात माझी ट्राम याहून उशिरा यायची,
आणि लोक थांबायचे."