अडीच घरं

घोड्याला घोड्याचं तोंड नको, असं फोनवर सांगितलं.
हत्तीला सोंड नको. राजाला मुकुट नको.
मग काय हवं, ते हुबळीच्या साहेबांना सांगता येईना.
"चाल दिसू दे, बाई," एवढंच.

खानापूरहून बाळाप्पा कुंभारानं माती पाठवली,
ओल्या गोणपाटात, लालभडक.
तीन दिवस मी नुसती मळत बसले.
आमच्या वडगावात माग थांबतात ते वीज गेली की;
तशा एका शांततेत दिसला
दुसऱ्या रेल्वे गेटावरचा यल्लू, कंग्राळीचा दूधवाला.
फाटक पडलेलं. हा दोन पावलं सरळ येतो,
रिकाम्या कॅनसकट सायकल खांद्यावर घेतो,
थांबलेल्या स्कूटरांच्या, शिव्यांच्या वरून पलीकडे,
आणि टेकताक्षणी डावीकडे वळतो.
मी त्याला पाय केलेच नाहीत.
एक वाकलेला खांदा, त्यावर अर्धं चाक.
घोडा झाला.

हत्ती भिंतीपलीकडेच होता:
धोटा आडवा, ताणा उभा,
तिरकं जाणं ठाऊक नसलेला निलव्वाचा माग.
तिची रुंद पाठ तेवढी त्याला उसनी दिली.

उंटांनी मात्र छळलं.
एकाच राजाचे दोघे,
एक जन्मभर काळ्या घरांतून तिरका,
दुसरा पांढऱ्या.
भर पटावर खांद्याला खांदा लागेल,
पण एकाच्या घरात दुसऱ्याचं पाऊल पडणार नाही.
मावश्या आठवल्या.
इंदुमावशी चंदगडला दिलेली, शिवक्का बैलहोंगलला.
एकीची नातवंडं मराठी शाळेत, दुसरीची कन्नड.
लग्नकार्यात दोघी शेजारी बसतात,
पानाचा डबा मधे,
आणि पोरं एकमेकांना नुसती हसून दाखवतात.
मी दोन लांब माना केल्या, एकमेकींकडे कललेल्या,
मधे डब्याएवढी जागा सोडून.
साहेब म्हणाले, हे उंट कसे?
म्हटलं, चालवून बघा.

वजिराला अंगच दिलं नाही.
बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतला आवाज तो:
वेंगुर्ला, धारवाड, गोकाक, सावंतवाडी,
दोन भाषांत, एका दमात.
आवाज मातीत कसा धरायचा?
एक पोकळ गोळा केला, आठ तोंडांचा,
फुंकला की घुमतो.
(प्यादी म्हणजे सुताच्या कांड्या. डोक्यात खळगा ठेवलाय;
पलीकडच्या काठाला पोचेल त्याला
हवं ते डोकं बसवता यावं म्हणून.)

राजा राहिला.
एका वेळी एकच घर, आणि सगळ्यांचा जीव त्याच्यात:
असा माणूस मला या गावात सापडेना.
"काय करूलीस गे, जेवायचं न्हाई?"
निलव्वा आली, कडेवरचा नातू खाली सोडला.
तो नुकताच उभा राहायला शिकलेला.
एक पाऊल पुढे. थांबला.
एक बाजूला.
आम्ही दोघी, दारातून तिची सून,
हातातलं टाकून त्याच्याभोवती.

दोन फौजा, माती एकच.
रंग लावायचा नाही, हे बाळाप्पाचं आधीच ठरलेलं.
अर्धी उघड्या जाळात भाजली, ती लाल निघाली.
अर्धी भुशात पुरली, भट्टीचं तोंड लिंपलं,
ती धूर पिऊन काळी.
कुठली कुठं घालायची हे कसं ठरवलंस, विचारलं.
"हाताला आली तशी," तो म्हणाला.

काळ्या राजाचं एक पाऊल तडकलंय.
दुसरा करून पाठवते, असं साहेबांना सांगितलं खरं,
पण अजून माती भिजवलेली नाही.
तो सध्या आमच्या टीव्हीवर उभा आहे,
एक पाय किंचित उचललेला,
कुठल्या घराकडे, ते कळत नाही.