कूलरचा सा

उपसंपादकानं मागितलेत अडीचशे शब्द, साडेअकरापर्यंत,
वर पाचपैकी तारे किती, तेही.
आत्ता अकरा-दहा. धंतोलीतल्या सभागृहाची पायरी,
मांडीवर वही,
मानेमागे मे महिना.

वाद्यवृंदाचं नाव नवतपा.
(खोडलं. वाद्यवृंद नव्हे, जॅम बँड.
घरी विचारतील, पोळीला लावायचा का?)

गिटार सुगत खोब्रागडे, दिवसा बुटीबोरीत शिफ्ट.
बास एलिझा, मोहननगरच्या चर्चमधल्या ऑर्गनशेजारी वाढलेली.
ड्रमवर तौसीफ.
आणि क्लॅरिनेट साठीतल्या हरिरामजींचं,
भर लग्नतिथीला सुट्टी मारून आलेले,
सोनेरी झालरीचा कोट खुर्चीच्या पाठीवर.

पहिली चार गाणी ठीक.
ठीक म्हणजे ठरलेली.
पाचवं एरवी सहा मिनिटांचं.
आज तेवीस.
मी घड्याळ लावलं होतं, माझा धंदाच तो.

शब्द संपले तसा सुगत एकटा पुढे निघाला,
महालातल्या गल्ल्यांत पत्ता शोधावा तसा :
डावीकडे वळा, उजवीकडे वळा,
फिरून तेच पानाचं दुकान.
नवव्या मिनिटापासून तेराव्यापर्यंत
काहीही घडलं नाही. हे छापाच.
तौसीफ नुसता गस्त घालत होता.
मागून कुणीतरी, "काहून बे, अटकली काय गाडी?"
चौघं उठून चहाला गेले.
मी पेनाला टोपण लावलं.

डाव्या भिंतीला एक कूलर होता.
लोखंडी, हिरवा, ताट्या अर्ध्या वाळलेल्या,
संध्याकाळपासून घुमत होता
काळी दोनच्या जरा खाली,
कुणी न विचारता.
एलिझानं मान वळवली.
खुंटी पिळून तार उतरवली, आणखी थोडी,
आणि जाऊन बसली त्याच्या शेजारी.
एकच सूर.
पुन्हा तोच.
जशी शेजारीण विचारते,
तुमच्याकडे नळ आला का?

मग पत्ता सापडला.
सुगत तारा ओढून ओढून त्या बेसूर सुरात उतरला.
हरिरामजींनी ओठ सैल सोडले,
वरातीतली लकेर काढली, पण इतकी संथ
की ती संपेस्तोवर नवरी
सासरी पोचून, नांदून, आजी झाली असेल.
टोपण कुठे पडलं, कळलं नाही.

अठराव्या मिनिटाला कूलरमधलं पाणी संपलं.
कुणीतरी बटण बंद केलं.
पाती फिरत फिरत थांबली,
आणि मंचावरचे चौघं
खालची चटई ओढल्यागत.
वाटलं, आता आवरतील.
नाही आवरलं.
जिथे तो घुमत होता तेवढी जागा सोडून
भोवताली वाजवत राहिले,
पंगतीत उठून गेलेल्याच्या पानावर
कुणी बसत नाही तसे.
घाम डोळ्यांत जात होता. रुमालाला कुणी हात लावेना.

तेवढ्यात बाजूच्या दारातून सोनटक्के,
इथला चौकीदार, बादली घेऊन.
मंचाकडे बघितलंही नाही.
भसाभसा पाणी ओतलं, बटण दाबलं,
खडखड, खर्र, आणि आला सूर,
तसूभर चढा, पण तोच.
आणि त्याच क्षणी तौसीफची काठी पडली.

माझ्या गुरुजींनी बारा वर्षं शिकवलं सम कुठे असते.
ती बादलीत होती.

अकरा-सत्तावीस. तारे साडेतीन.
दीड कापला त्या चार मिनिटांचा.
ती चार मिनिटं फसली नसती
तर कूलर ऐकू आला असता का,
हे लिहायला शब्द शिल्लक नाहीत.

फाटकाशी सोनटक्केंना पूर्ण नाव विचारलं.
"पेपरात कायले टाकता भाऊ?
पिण्याच्या पाण्याची बादली होती थे.
साहेब बोंबलन."