एकशे दहा व्होल्ट

थुकब्यात, टायरवाला आणि न्हावी यांच्यामधे
आमचं दुकान. शटर गुडघ्याएवढंच उघडायचं;
पूर्ण उघडलं की वाळवंट आत येऊन बसे
उधारीच्या गिऱ्हाइकासारखं.
परकारचाचा म्हणायचे, धुळीचा धंदा, बंद कसा पडेल?

पहिला धडा व्होल्टेजचा.
कंपनीच्या कॅम्पात अमेरिकन एकशे दहा,
कुंपणाबाहेर दोनशे वीस.
कॅम्पातलं कुणी रिटायर होऊन परत निघालं
की त्यांचं सामान कुंपणाबाहेर यायचं,
आणि कुणीतरी ते घाईनं भिंतीत खोचायचं.
मग तो वास. जळकं वार्निश, जळकं तांबं.
ऊद मला अजून ओळखता येत नाही. हा येतो.

चाचा मोटर नव्यानं गुंडाळत, फेरे मोजत
अंजर्ल्याच्या बोलीत, ओठ न हलवता.
मधेच बायकोचा फोन आला तरी आकडा चुकायचा नाही.
बायको चुकायची, म्हणजे फोन कट व्हायचा.

हूवर उभा: पुढे बुटकी मोटर, मागे कापडाचं पोट.
त्याच्या आतला रूळ गालिच्याला आधी बडवतो
आणि मग ओढतो. हवालदारच.
इलेक्ट्रोलक्स, सदतीस सालचं मॉडेल,
लांबुडकं, लोखंडी, दोन पट्ट्यांवर घसरणारं;
बर्फावरच्या गाडीवरून घेतलंय, असं कॅटलॉगात होतं.
बर्फ आम्ही दोघांनी फ्रीजरमधला पाहिलेला.
किर्बीच्या कपाळाला दिवा,
सोफ्याखालच्या अंधारात जायला.
रेक्सएअरला पिशवीच नाही. धूळ पाण्यात बुडवतो.
उम्म नायेफला तोच हवा असायचा.
काळं पाणी ओतायच्या आधी ती शेजारणीला बोलवायची,
बघ, तुझ्या घरी हे सगळं अजून जमिनीवरच आहे.
समुद्र गाळून पाणी प्यायचं त्या देशात,
आणि एवढं पाणी धुळीला.

मीही एक नेला होता घरी. हिताची, लाल ड्रम,
कस्टमला दोन तास उभा राहून.
आईनं ओटीवर चालू करायला लावला.
शेणानं सारवलेली जमीन. त्यानं जमीनच उचलली.
आई हसली नाही. पोतेरं घेऊन बसली
आणि मशीनवर चादर घातली, पाहुणा झोपल्यासारखी.

मग मिसेस हॅलोरनचा आला: कॉन्स्टेलेशन.
एक गोळा. चाकं नाहीत.
आत ओढलेली हवा खाली सोडतो आणि तिच्यावरच तरंगतो.
एकतीस वर्षं राहून बाई निघाल्या होत्या,
म्हणाल्या, हा एक्क्याण्णवपासून कपाटात आहे, विका किंवा ठेवा.

पिशवी मी कात्रीनं उघडली, वर्तमानपत्रावर.
आधी राखाडी. मग नेहमीची आमची, पिवळट.
प्लास्टिकच्या शिपायाचा एक हात.
चमकी, कुठल्यातरी नाताळची.
लहान मुलाचा केस, जवळजवळ पांढरा.
आणि सगळ्यात वर, तोंडाशी, काळं. तेलकट.
चाचांनी चिमटीत धरलं, वास घेतला.
कुवेत, म्हणाले. विहिरी जळत होत्या तेव्हा
दुपारी दोनला दिवे लावावे लागत इथं.
म्हणजे बाईंनी ते एकदाच झाडलं
आणि मग पुन्हा झाडायचं नाही असं ठरवलं.
का, ते विचारायला त्या नव्हत्या.

कार्बन बदलले. बेअरिंगला ग्रीस.
ट्रान्सफॉर्मर लावून रात्री चालू केला.
आधी नुसताच घरघरला, मग
एक बोटभर वर उठला,
आणि खालून सुटलेल्या वाऱ्यानं
कोपऱ्यातली, टेबलाखालची, वर्षांची आमची सगळी धूळ
दुकानभर उधळली.
चाचा खोकत होते, हसत होते.
बंद कर, असं काही म्हणाले नाहीत.
आम्ही दोघं स्टुलांवर पाय वर घेऊन बसलो,
घरात केर काढताना पोरं बसतात तसे,
आणि तो फिरत राहिला मधे, वायरीच्या लांबीएवढा.