राकसाचं खळं

डोंगा पत्र्याचा, सांध्यांना डांबर फासलेला.
डोमाजी मांढरे उभा राहून बांबूनं पाणी लोटत होता,
झोपलेल्या माणसाला कूस बदलायला लावावी तसं.
"हालू नका मॅडम, खाली बाभळी आहेत.
बुडाले ओरबाडतेत."
मी वाकून पाहिलं. हिरवट अंधार.
एका वाळक्या शेंड्यावर पाणकावळा
पंख वाळत घालून बसलेला.

मागे काठावर मोह गळत होता,
वास पाण्यावरून बराच दूर आला
आणि मग एका जागी थांबला.

पिशवीत माझ्या तीस मीटरचा टेप, होकायंत्र,
आलेखाचे कागद, डब्यात लाखोरीचे वडे,
आणि कार्यालयाचं पत्र.
पत्रात या जागेला नाव नाही,
फक्त क्रमांक.

बेट म्हणायचं ते काय,
धरणाचं पाणी चढलं तेव्हा
खाली उतरायची राहून गेलेली टेकडी.
टेंभराची झुडपं, बकऱ्या नाहीत म्हणून माजलेलं गवत,
आणि गवतात काळे गोटे, गोल मांडलेले,
कुणी गुडघ्याएवढे, कुणी बसल्या म्हशीएवढे.

"राकसाचं खळं," डोमाजी म्हणाला.
"रातचा धान मळते तो."
"कधी पाहिला?"
"कोंडा सापडत नाही सकाळी.
मंग मळत नाही असं तरी कसं म्हनाव?"

मी त्याला सांगितलं की हे थडगं आहे,
अडीच हजार वर्षांपूर्वीचं, जास्तच असेल.
लोखंड ओळखणारी माणसं होती,
मेलेल्याबरोबर कधी त्याचा घोडाही पुरायची.
तो घोड्यावर थांबला.
"अन् घोड्याचा काय गुना जी?"
याचं उत्तर आमच्या कुठल्याच अहवालात नाही.

एका गोट्यावर वाट्या कोरलेल्या, दोन रांगांत,
बोटाचं पेर मावेल एवढ्या.
मी लिहिलं: प्रयोजन अज्ञात.
एका वाटीत रात्रीचं दव होतं
आणि काठाकाठानं फिरणारी मुंगी.

उन्हं तापली. टेपचं टोक त्यानं धरलं,
मी मोजत गेले, कागदावर ठिपके देत गेले.
सत्तावीस.
"अठ्ठावीस," तो म्हणाला, न मोजता.
पुन्हा फिरले. सत्तावीस.
मग त्यानं पायानं गवत बाजूला केलं.

सपाट, गोल, मधोमध खुंट्याची जागा,
वरून टाकीचे घाव झिजून गुळगुळीत.
जात्याची तळी.

"आमची आहे," तो म्हणाला.
"गाव उठलं तवा मायनं वरची पेढ डोक्यावर नेली,
नव्या वस्तीत.
ही जड होती. ट्रकवाला म्हने, गोटे नेत नाही.
मंग मी अन् भावानं रातभर चढवली इथं.
गोट्यात गोटा. कोनी इचारत नाही."

गाव कुठे होतं, मी विचारलं.
त्यानं बांबूनं दाखवलं. नुसतं पाणी,
त्यावर चिलटांचा एक पुंजका.

मी हिशेब करत बसले.
दगड अडीच हजारांचे, पाणी तीसेक वर्षांचं,
बेट पाण्याएवढंच.
या तिघांत तळी कुठे बसवायची?
नियम सरळ आहे: उपरी वस्तू हटवावी, नोंद करावी.
हटवायला माणसं लागतील दोन.
एक मी होते.

वडे आम्ही वर्तुळाच्या बाहेर बसून खाल्ले.
आत बसायचं नाही, हे त्याचंही म्हणणं, आमच्या खात्याचंही.
तेल पुसायला त्यानं पळसाचं पान तोडून दिलं.

निघताना नकाशा पुन्हा उघडला.
जिथे दगड होता पण आता नाही
तिथे आम्ही तुटक रेघ काढतो.
जिथे नव्हता पण आता आहे
त्यासाठी खूण ठरलेली नाही.
पेन्सिल टेकवून थोडा वेळ तशीच बसले.

"काढलं का?" डोंग्यातून तो ओरडला.
"वारा सुटते आता, दुपारचा."

काढलं, म्हणाले मी.
भरीव रेघेनं, मधोमध टिंब देऊन.
रकान्यात अठ्ठावीस लिहिलं,
आणि प्रयोजनाच्या खाली,
तिथे अज्ञात लिहिता येईना.