तीन रकाने

लिलाँग्वेत वीज गेली की चिफुंडो
लुसाकाला फोन लावतो.
तिकडे मुतिंताही हाच तक्ता भरते:
महिन्याच्या आत, तिमाहीच्या आत, वर्षाच्या आत
तिजोरीतून किती डॉलर जाणार.
दोन देश, दोन बँका,
पळसाला पानं तीनच.

“पहिल्यात काय?”
“डिझेल, खत, एक जुना हप्ता. तुझ्या?”
“हप्तेच हप्ते. पण आमचं तांबं आहे.”
“आमची तंबाखू अजून कोठारात टांगलेली,
एप्रिलपर्यंत नुसता वास.”

तिची गळती याच्या कितीतरी पट,
पण हंडाही तेवढा.
इथे थेंब थेंबच जातो,
आणि भांडं वाटीएवढं.
हे तो बोलत नाही. मेणबत्ती सरळ करतो.

मग, आवाज उतरवून,
“तिकडे इन्सुलिन मिळतं का गं?
धाकटीसाठी. सहा बाटल्या.
इथे दुकानदार डॉलर मागतो.”

पलीकडे पेन थांबलेलं ऐकू येतं.
“शुक्रवारी एक ट्रक म्चिंजीला निघतोय,
बर्फात घालून देते.”
“आणि पैसे?”
“तिसऱ्या रकान्यात लिही.”

तो हसला नाही.
समासात, पेन्सिलीने, अगदी फिकं
लिहिलं: बाटल्या सहा.