ठेच

सल्माबादला, टाइल्सच्या रिकाम्या गोदामात,
मंगळवारी रात्री आठ ते दहा
मी बायकांना धक्के मारते.
असं सरळ सांगितलं की कॉलेजातल्या मुली हसतात.
मग मी बाही वर करून दंड दाखवते.

पहिला महिनाभर नुसतं पडायला शिकवलं.
पडायचं तर लहान होऊन पडायचं, जोसलिन ओरडायची,
बोटं मुठीत!
मागून येणाऱ्या चाकांना तुझी बोटं दिसत नाहीत.
वीस वर्षं माझं शिक्षण उलटं झालेलं:
कठडा धर, फरशी ओली आहे,
परक्या मुलखात आहोत, जपून.
इथे पहिल्यांदा धाडकन आपटले
तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
आणि मला रडू आलं ते दुखलं म्हणून नाही.

ऑगस्टात पत्रा मध्यरात्रीपर्यंत निवत नाही.
समुद्राची वाफ शटरखालून आत सरकते, जमीन निसरडी होते.
मग जोसलिन पाण्यात कोक घालून सगळं पुसून काढते,
चाकं चिकटतात, चर्र चर्र बोलतात,
आणि कोपऱ्यातून मुंग्या निघतात, रांगेत,
त्यांना कुणी नियम सांगितलेले नाहीत.

खेळ सोपा आहे.
हेल्मेटवर चांदणी असेल तिनं आमच्या भिंतीतून निसटायचं.
जेवढ्या कमरा मागे टाकेल तेवढे गुण.
आम्ही चौघी म्हणजे ती भिंत.
मुहर्रकची नूरा हिजाबावर हेल्मेट घट्ट बांधते,
दिवसभर बँकेत हळू आवाजात कर्जं नाकारते
आणि रात्री बरगडीत अशी धडक देते की श्वास विसरावा.
मग हात देऊन उठवते, तब्येत विचारते,
आईची विचारते, बाबांची विचारते,
तोवर शिट्टी होते.

इथे प्रत्येकीच्या पाठीवर एक घेतलेलं नाव असतं.
माझ्या पाठीवर: ठेच.
अर्थ विचारला तर सांगितलं,
पुढच्याला लागते, मागचा शहाणा होतो.
मारिविकनं पाण्याची बाटली खाली ठेवली.
पण आपण तर गोल फिरतो, म्हणाली,
पुढचा कोण, मागचा कोण?
आठवडा झाला, मला उत्तर सुचलेलं नाही.

बाबांनी खेळाबद्दल एकदाही विचारलं नाही.
शुक्रवारी गॅलरीत पेपर पसरतात,
सोळाच्या सोळा बेअरिंग काढून रॉकेलच्या वाटीत टाकतात,
एकेक कानाशी धरून फिरवतात.
दिवसभर लोकांच्या एसीचे डक्ट मोजणारा माणूस,
डोळे मिटून ऐकतो.
वाळू खाल्लीय हिनं, म्हणतात,
आणि ती वाटीत परत जाते.

आईला मांडीवरचा डाग दिसला, वांग्याच्या सालीसारखा.
कुणी मारलं?
नूरानं.
ईदला खजूर घेऊन आली होती ती?
तीच.
आंबेहळद तिनं गरजेपेक्षा जोरात चोळली.

परवा चांदणी माझ्या डोक्यावर आली.
दोनदा भिंतीवर आपटले, एकदा रेषेबाहेर गेले,
तिसऱ्यांदा नूराच्या खांद्याखाली एक फट दिसली,
दार किलकिलं राहावं एवढीच,
मी लहान झाले
आणि पलीकडे होते.
समोर रिकामं गोल मैदान, कुणी नाही,
फक्त माझी चाकं आणि कानात गोदामाचा पंखा.
एवढी मोकळी जागा मी या बेटावर पाहिली नव्हती.

घरी पोचायला साडेअकरा झाले.
लिफ्टचं दार उघडलं तर आई उंबऱ्यात,
दोन्ही हात कमरेवर.
आमच्या खेळात हा हक्क एकीलाच असतो,
जी सगळ्यांच्या पुढे निघाली तिला.
तिनं कमरेवर हात मारले की डाव तिथेच थांबतो,
कुणी हुज्जत घालत नाही.
मी मुकाट्यानं सॅक खाली ठेवली.

आत, ओट्याच्या कडेला,
शुक्रवार नसताना
रॉकेलची वाटी काढून ठेवलेली होती.